अमर्याद ऊर्जा आणि मंगळावरचे घर: एकमेकांना जामीन राहिलेली दोन स्वप्ने

५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या प्रयोगशाळेत फ्यूजनच्या, म्हणजे हलके अणुगर्भ जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, प्रयोगात मिरीएवढ्या एका इंधनाच्या गोळीवर १९२ लेझर झोत एकाच क्षणी रोखले गेले, आणि गोळीला जितकी ऊर्जा मिळाली तीहून अधिक ऊर्जा तिच्यातून बाहेर पडली. अमर्याद ऊर्जेचे युग उंबरठ्यावर आले, असे त्यानंतर जगभर लिहिले गेले. त्याच्या सात वर्षे आधी, डिसेंबर २०१५ मध्ये, उपग्रह वर पोचवण्याच्या मोहिमेवर निघालेल्या फाल्कन-९ रॉकेटचा खालचा टप्पा परत येऊन जमिनीवर सरळ उभा राहिला होता, आणि तेव्हापासून मंगळावरच्या शहरांची चर्चा कल्पित कथांतून निघून व्यवसायाच्या आराखड्यांत शिरली.

या दोन्ही घटना खऱ्या आहेत आणि दोन्ही थोर आहेत. मात्र त्यांच्यावर उभी राहिलेली गृहीतके तपासताना एक गमतीची गोष्ट दिसते. मंगळावर किंवा त्याही पलीकडे वस्ती करायला लागणारी ऊर्जा कोठून येणार, असे विचारले की भविष्यातील अमर्याद ऊर्जेकडे बोट दाखवले जाते. पृथ्वीवरची ऊर्जेची भूक अशीच वाढत राहिली तर काय, असे विचारले की उत्तर अंतराळात शोधले जाते. दोन कर्जदारांनी परस्परांच्या अर्जावर जामीन म्हणून सही करावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून दोघांचीही पत वेगवेगळी तपासायला हवी.

आधी दोन शब्द: ऊर्जा आणि शक्ती

बातम्यांमध्ये या दोन शब्दांची सर्रास सरमिसळ होते. टाकीत साठलेले पाणी म्हणजे ऊर्जा, आणि नळातून दर सेकंदाला पडणारी धार म्हणजे शक्ती. ऊर्जा जूलमध्ये किंवा वीजबिलातल्या युनिटमध्ये मोजतात, तर शक्ती वॉटमध्ये.

सगळ्या मानवजातीची ही धार आज साधारण २० टेरावॉट आहे. एक टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॉटने चालते. त्यामुळे ८०० कोटी लोकांत हा वापर वाटला, तर प्रत्येक माणसामागे चोवीस तास न थकता राबणारी पंचवीस माणसे उभी आहेत, असे म्हणता येईल. ही अर्थातच सरासरी आहे. कोणामागे शंभर आहेत, तर कोणामागे दोनही नाहीत.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवू, कारण पुढचा बराच युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. वापरलेली ऊर्जा नष्ट होत नाही. दिव्याचा प्रकाश भिंतीत शोषला जातो, गाडीची गती ब्रेकमध्ये विरते, संगणकात शिरलेली वीज त्याच्या पंख्यातून गरम हवा होऊन बाहेर पडते. वाटा कितीही असोत, शेवटी जवळजवळ सगळ्या ऊर्जेची उष्णताच होते.

चक्रवाढ कोठे नेते?

पहिले गृहीतक असे, की ऊर्जेचा वापर आजवर वाढत आला आहे आणि प्रगती म्हणजे तो पुढेही वाढतच राहणे. १९६५ पासून जगाचा ऊर्जावापर जवळजवळ चौपट झाला आहे, म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे २.३ टक्क्यांची वाढ. हा दर वरवर अगदी सौम्य वाटतो. पण चक्रवाढ व्याजाचा अनुभव घेतलेल्या कोणालाही ठाऊक असते, की सौम्य दर आणि लांब मुदत यांची गाठ पडली की मुद्दल ओळखू येत नाही. ७० ला टक्केवारीने भागले की दुप्पट व्हायला किती वर्षे लागतात ते साधारण कळते. २.३ टक्क्यांना ही मुदत तीस वर्षांची येते, आणि शंभर वर्षांत मूळ आकडा दसपट होतो.

आता हा हिशेब पुढे नेऊ. आजचे २० टेरावॉट शंभर वर्षांनी २००, दोनशे वर्षांनी २,०००, तीनशे वर्षांनी २०,००० आणि चारशे वर्षांनी २,००,००० टेरावॉट होतील. संपूर्ण पृथ्वीवर पडणारी सूर्याची शक्ती सुमारे १,७४,००० टेरावॉट आहे. म्हणजे फार दूरच्या काळात नव्हे, तर आपण ज्या काळातले किल्ले आजही पाहायला जातो तेवढ्याच अंतरावर, पुढच्या दिशेने, मानवजात सूर्याकडून ग्रहाला मिळते त्याहून अधिक ऊर्जा वापरत असेल.

कोणी म्हणेल, की सूर्य पुरणार नाही तर फ्यूजन आहेच. परंतु येथे अडचण पुरवठ्याची नसून उष्णतेची आहे. पृथ्वी सूर्याची सरासरी २४० वॉट प्रति चौरस मीटर इतकी शक्ती शोषते आणि तितकीच उष्णता अवकाशात परत टाकते. आजच्या आपल्या एकूण वापराची उष्णता पृथ्वीच्या पृष्ठभागावर पसरली तर चौरस मीटरला ०.०४ वॉट भरते, आणि ती नगण्य आहे. आजची तापमानवाढ या उष्णतेमुळे नव्हे, तर हरितगृह वायूंच्या पांघरुणामुळे होते. मात्र दोनशे वर्षांच्या वाढीनंतर हाच आकडा सुमारे ४ वॉट होतो, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट केल्याने जितका ताप पडतो, जवळजवळ तितकाच हा आहे. तीनशे वर्षांनी तो ४० वॉटच्या घरात जातो आणि नुसत्या त्या उष्णतेने पृथ्वी सुमारे दहा अंशांनी तापते. तोवर एक ग्रॅमही कोळसा जळत नसला तरीही.

या हिशेबात एक बारकावा आहे, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जमिनीवरचे सौर पॅनेल किंवा पवनचक्की पृथ्वीवर आधीच आलेल्या ऊर्जेची वाट थोडी वळवते. जी उष्णता एरवी जमिनीत मुरली असती, ती तारांतून फिरून मग मुरते. फ्यूजन आणि अंतराळातून पाठवलेली वीज मात्र पृथ्वीच्या जमाखर्चात नव्या उष्णतेची भर घालतात. म्हणजे ज्या दोन स्रोतांना अमर्याद म्हटले जाते, उष्णतेची मर्यादा नेमकी त्यांनाच लागू होते.

पण वापर कायम वाढेलच कशाला?

हा आक्षेप रास्त आहे, आणि खरे तर तो माझ्याच बाजूचा आहे. अनेक श्रीमंत देशांचा ऊर्जावापर गेल्या वीस वर्षांत स्थिरावला किंवा घटला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८०च्या दशकात हजार कोटींच्या थोडी वर जाऊन उतरू लागेल. चारशे वर्षे २.३ टक्के ही भविष्यवाणी नाहीच. ती टिकू शकत नाही, हेच त्या हिशेबाने दाखवायचे आहे.

यावर दुसरे उत्तर कार्यक्षमतेचे दिले जाते: कमी ऊर्जेत तेच काम करू. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो, तर विजेची मोटर नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षम असते. पण याच आकड्यात मर्यादाही दडलेली आहे. नव्वदवरून शंभरावर जाता येईल, दोनशेवर नाही. शिवाय १८६५ मध्येच विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते, की वाफेची इंजिने कोळसा कमी खाऊ लागली तेव्हा कोळशाचा खप घटला नाही, वाढला. कारण स्वस्त झालेली वाफ नव्या नव्या कामांना जुंपली गेली.

ऊर्जेचे जुने स्रोत नवे आले म्हणून निघून जातात, हा समजही याच जातीचा आहे. तेल आले, वायू आला, अणुवीज आली, तरी कोळसा आज इतिहासात कधी नव्हता इतका जाळला जातो, वर्षाला आठशे कोटी टनांहून अधिक. आजवर ज्याला आपण ऊर्जेतील स्थित्यंतर म्हणत आलो, ते बहुतेक वेळा बेरीज होती. यावेळी प्रथमच वजाबाकी करायची आहे, आणि तिचा सराव कोणालाच नाही.

फ्यूजनमध्ये नेमके काय घडले?

अणुसंमीलन, म्हणजेच फ्यूजन, ही हलके अणुगर्भ एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याची क्रिया आहे. २०२२ च्या त्या प्रयोगात लेझरने गोळीच्या लक्ष्यावर २.०५ मेगाजूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाजूल बाहेर पडली. मिळकत दीडपट झाली, हे खरेच. परंतु ते लेझर चालवण्यासाठी वीजजाळ्यातून सुमारे ३०० मेगाजूल घेतले गेले होते. दुकानदाराने मालाची खरेदी आणि विक्री तेवढी दाखवावी, आणि जागेचे भाडे, पगार, वीजबिल वहीत लिहूच नये, असा तो नफा होता. शास्त्रज्ञांनी हे लपवले नव्हते. त्यांचा प्रश्न भौतिकशास्त्राचा होता आणि तो त्यांनी सोडवला. वीजकेंद्राचा अर्थ बातम्यांनी लावला.

दुसरा मार्ग प्रचंड चुंबकांच्या पिंजऱ्यात तप्त वायू कोंडण्याचा आहे. फ्रान्समध्ये उभारली जाणारी आयटर ही त्यातली सर्वांत मोठी भट्टी. तिच्यात ५० मेगावॉट तापनशक्ती घालून ५०० मेगावॉट उष्णता मिळवण्याचे ध्येय आहे. ती वीज तयार करणारच नाही, तिचे ते कामही नाही. आणि २०२४ मध्ये मांडलेल्या नव्या वेळापत्रकानुसार तिच्यातील खऱ्या इंधनाचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहेत.

खरे इंधन म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम, हायड्रोजनचीच दोन जड भावंडे. ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यात मुबलक आहे, आणि समुद्रातून हजारो वर्षांचे इंधन मिळेल हे वाक्य त्यावरूनच आले. ट्रिटियमची गोष्ट कोणी सांगत नाही. त्याचे अर्धे प्रमाण १२.३ वर्षांत विघटित होऊन जाते, त्यामुळे निसर्गात त्याचा साठा असा नाहीच. लिथियमपासून भट्टीतच ते पिकवावे लागेल. या क्रियेतील ऐंशी टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन पळतात आणि भट्टीच्या भिंतींवर आदळून त्या ठिसूळ व किरणोत्सारी करतात. एवढे सगळे साधल्यानंतर मिळते ती उष्णता, जिच्यावर पाणी उकळायचे आणि वाफेने टर्बाइन फिरवायचे, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी होते तेच.

फ्यूजन कधीच होणार नाही, असे मला म्हणायचे नाही. माझा अंदाज तर होईल असाच आहे. पण इंधन फुकट असणे आणि वीज फुकट असणे यांत फार अंतर आहे. ऊन आणि वारा आजही फुकटच आहेत. खर्च यंत्राचा येतो, आणि फ्यूजनचे यंत्र माणसाने बांधायला घेतलेल्या सर्वांत गुंतागुंतीच्या यंत्रांपैकी आहे.

अंतराळातली वीज, चंद्रावरचा हेलियम

अंतराळात रात्र नाही, ढग नाहीत. मग पॅनेल तिथेच का लावू नयेत? पीटर ग्लेझर यांनी १९६८ मध्ये ही कल्पना मांडली आणि २०२३ मध्ये अंतराळात बिनतारी वीज पाठवण्याचा छोटा प्रयोग यशस्वीही झाला. आता हिशेब पाहू. कक्षेत चौरस मीटरवर दिवसाला जवळपास ३३ युनिट ऊन पडते, तर चांगल्या वाळवंटात साधारण सहा. म्हणजे लाभ पाच-साडेपाच पटींचा. विजेचे सूक्ष्मलहरींत रूपांतर, ३६,००० किलोमीटरचा प्रवास आणि पुन्हा वीज, यांत निम्मी गळती धरली तर लाभ तिप्पट उरतो. तेव्हा प्रश्न एवढाच राहतो, की वाळवंटात तिप्पट पॅनेल आणि सोबत बॅटऱ्या लावणे सोपे, की एक पॅनेल तिथे वर नेऊन पुढे वीस वर्षे त्याची देखभाल करणे? जगात बसवलेल्या सौर पॅनेलांची क्षमता २०२२ मध्ये एक टेरावॉट झाली आणि २०२४ मध्ये दोन. हे सारे जमिनीवर घडले, आणि त्याचा इतका वेग फार थोड्यांनी वर्तवला होता. भविष्याबद्दलच्या समजुती दोन्ही बाजूंनी चुकतात, हेही त्यातून दिसते.

चंद्रावरच्या हेलियम-३ या वायूचे तर नावच मोठे आहे. तिथल्या मातीत तो अब्ज भागांत काही भाग इतकाच असतो. दहा भाग धरले, तरी एक किलो मिळवण्यासाठी एक लाख टन माती उकरून तापवावी लागेल. आणि तो ज्या भट्टीत जाळायचा, तिला आजच्या फ्यूजन प्रयोगांपेक्षा कितीतरी जास्त तापमान लागते. जी चूल पेटलेली नाही, तिच्याहून अवघड चुलीसाठी चंद्रावरून सरपण आणण्याचा हा बेत आहे.

एक लिटर पेट्रोल आणि रॉकेट

आता दुसऱ्या अर्जदाराकडे वळू. एक किलो वजनाची वस्तू पृथ्वीभोवतीच्या कक्षेत, म्हणजे ४०० किलोमीटर उंचीवर सेकंदाला ७.७ किलोमीटर वेगाने, ठेवायला किती ऊर्जा लागते? बहुतेकांचा अंदाज फार मोठा असतो. खरे उत्तर ३३ मेगाजूलच्या आसपास, म्हणजे सुमारे सव्वानऊ युनिट वीज किंवा एक लिटर पेट्रोलमधील ऊर्जा. इतकी स्वस्त गोष्ट मग इतकी अवघड का?

कारण रॉकेटला वाटेत इंधन मिळत नाही. समजा, एका प्रवाशाला असे वाळवंट ओलांडायचे आहे जिथे पाण्याचा थेंब नाही. त्याला पाणी बरोबर न्यायचे आहे, म्हणून हमाल हवेत. हमालांनाही तहान लागते, म्हणून त्यांच्यासाठी पाणी आणि ते वाहायला आणखी हमाल हवेत. अंतर थोडे वाढले, की तांडा कितीतरी वाढतो. रॉकेटचे असेच आहे. बहुतेक इंधन उरलेले इंधन वर नेण्यात खर्च होते. रशियन शिक्षक कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये हे गणित प्रसिद्ध केले. कक्षेत जायला, हवेचा आणि गुरुत्वाकर्षणाचा अडथळा धरून, सेकंदाला सुमारे ९.४ किलोमीटर वेगाची तयारी लागते. केरोसीन आणि द्रव प्राणवायू यांच्या ज्वलनातून निघणाऱ्या वायूचा वेग मात्र जेमतेम ३.४ किलोमीटर असतो. या दोन आकड्यांचे गुणोत्तर सांगते, की उड्डाणाच्या वेळी रॉकेटच्या वजनाचे सोळांतले पंधरा भाग इंधन असले पाहिजे. उरलेल्या एका भागात टाक्या, इंजिने, सांगाडा आणि त्यानंतर काही उरलेच तर प्रवासी. अपोलो-११ ला घेऊन उडालेले रॉकेट सुमारे २,९०० टनांचे होते आणि समुद्रात परत उतरलेली कुपी पाच टनांच्या आसपास.

रॉकेट पुन्हा वापरता येऊ लागल्याने हे बदलले नाही का? खर्च बदलला, आणि तो बदल मोठा आहे; एका प्रवासानंतर विमान समुद्रात फेकून द्यायची पद्धत बंद झाल्यासारखाच. पण सोळांतले पंधरा हे प्रमाण रसायनांच्या बंधांतून येते, आणि ते व्यवस्थापनाने किंवा गुंतवणुकीने हलत नाही. उलट परत उतरण्यासाठी थोडे इंधन राखावे लागते, म्हणून वर जाणारा भार कमीच होतो. संगणकाच्या चिपा पन्नास वर्षांत लाखोपटींनी सुधारल्या, म्हणून सगळेच तंत्रज्ञान तसे सुधारेल ही समजूत येथे अडते. चिप लहान करता येते. रेणूतली ऊर्जा मोठी करता येत नाही.

मंगळ किती दूर आहे?

पृथ्वी ३० सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूएवढी मानू. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक त्या चेंडूच्या पृष्ठभागापासून एक सेंटिमीटरवर फिरते. चंद्र नऊ मीटरवर, म्हणजे मोठ्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मंगळ सर्वांत जवळ येतो तेव्हा सव्वा किलोमीटरवर असतो आणि दूर जातो तेव्हा नऊ किलोमीटरवर. नोव्हेंबर २००० पासून माणूस अंतराळात सलग राहत आहे असे आपण म्हणतो, ते त्या एका सेंटिमीटरविषयी. खोलीच्या टोकापर्यंत आजवर जे गेले, त्यांपैकी चंद्रावर पाऊल ठेवणारे बारा होते, आणि त्यांतले शेवटचे दोघे डिसेंबर १९७२ मध्ये तिथून निघाले.

अंतरापेक्षाही वास्तव्य अवघड आहे. मंगळाला निघालेल्या क्युरिऑसिटी या यंत्राने २०११-१२ च्या प्रवासात किरणोत्सार मोजला. तो दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट होता. जमिनीवर माणसाला वर्षभरात निसर्गातून सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. म्हणजे तिथला एक दिवस इथल्या नऊ महिन्यांबरोबर. जाऊन येऊन मोहीम अडीच वर्षांची होते. वजनरहित अवस्थेत हाडे महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे अंगावर दाबाचा पोशाख नसेल तर काही सेकंदांतच शुद्ध जाते; आणि फिनिक्स यानाला २००८ मध्ये मातीत परक्लोरेट नावाचे, थायरॉइड ग्रंथीला घातक क्षार सापडले. आजवर तिथे उतरवलेले सर्वांत जड यंत्र एक टनाच्या आसपासचे आहे. माणसांसाठी दहापटींनी अधिक भार उतरवावा लागेल, आणि विरळ हवेत हवाई छत्र्या तेवढ्या कामाच्या राहत नाहीत.

तरीही या सगळ्यांपेक्षा मला एक पृथ्वीवरचाच प्रयोग अधिक बोलका वाटतो. १९९१ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना येथे आठ माणसे बायोस्फिअर-२ या काचेच्या बंदिस्त वास्तूत दोन वर्षांसाठी शिरली. सव्वा हेक्टरची जागा होती. आत शेत, छोटे अरण्य, दलदल आणि लहानसा समुद्रही. हवा, पाणी, अन्न सारे आतच फिरवायचे होते. काही महिन्यांतच प्राणवायू घटू लागला आणि २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या जवळ आला. शोध घेतल्यावर कळले, की सुपीक मातीतले जिवाणू प्राणवायू खात होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचे ताजे काँक्रीट शोषून घेत होते. शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. बाहेर, म्हणजे काचेपलीकडे, पृथ्वीची हवा होती. मंगळावर काचेपलीकडे काही नाही. अवकाश स्थानकावर पाण्याचा ९८ टक्के पुनर्वापर २०२३ मध्ये साधला, ही मोठीच मजल आहे; पण तिथले अन्न, सुटे भाग आणि औषधे खालूनच जातात.

"विमानही उडणार नाही असे म्हणत होते"

हा आक्षेप हटकून येतो, आणि त्यात तथ्यही आहे: तज्ज्ञांनी अनेकदा अशक्य म्हटलेले घडले आहे. पण पक्षी उडत होते. हवेपेक्षा जड वस्तू उडू शकते याचा पुरावा रोज डोक्यावरून जात होता. अडचण यंत्राची होती, नियमाची नाही. राइट बंधूंचे विमान १९०३ मध्ये उडाले. त्सिओल्कोव्हस्कींचे गणितही त्याच वर्षीचे. विमान त्यानंतर ओळखू येणार नाही इतके बदलले, आणि ते गणित आजही जसेच्या तसे आहे.

विमानाचा इतिहासही जितका सांगितला जातो त्याहून शहाणा आहे. १९०३ पासून चंद्रापर्यंत ६६ वर्षे लागली, म्हणून पुढच्या ६६ वर्षांत तारे, असे रेषा पुढे ओढून सांगितले जाते. पण १९५८ मध्ये सेवेत आलेले बोइंग ७०७ ज्या वेगाने प्रवासी नेत होते, साधारण त्याच वेगाने आजची विमाने उडतात. आवाजाहून वेगवान कॉन्कॉर्ड २००३ मध्ये निवृत्त झाले. तंत्रज्ञान आधी झपाट्याने चढते आणि मग पठारावर येते. चढाच्या मध्यावर उभे राहून पठार दिसत नाही, इतकेच.

कोलंबसाचा दाखला तर मुळातच लंगडा आहे. तो जिथे पोचला तिथे हवा होती, पाणी होते, शिकार होती, आणि त्याच्या आधीपासून राहणारी माणसे होती. मंगळाच्या तुलनेत अंटार्क्टिका म्हणजे नंदनवन: श्वास घेता येतो, बर्फ वितळवून पाणी मिळते, अडचणीत विमान बोलावता येते. तरी तिथे स्वतःच्या बळावर जगणारे एकही गाव वसलेले नाही.

पृथ्वीवरची गर्दी अंतराळात हलवण्याची कल्पना तर एका आकड्यात संपते. जगाची लोकसंख्या आज दिवसाला जवळपास दोन लाखांनी वाढते. ती नुसती जागच्या जागी रोखायला रोज तितके लोक पाठवावे लागतील. अंतराळात आजवर गेलेली सगळी माणसे मोजली तर हजारही भरत नाहीत.

दोन्ही जामीनदार समोरासमोर

चेंडूच्या त्याच मापावर सर्वांत जवळचा तारा साडेनऊ लाख किलोमीटरवर येतो, म्हणजे खऱ्या चंद्राच्या दुपटीहून दूर. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ हे मानवरहित यान सेकंदाला १७ किलोमीटरने जात आहे. त्या वेगाने त्या ताऱ्यापर्यंतचे अंतर कापायला सुमारे ७५,००० वर्षे लागतील. चाळीस-एक वर्षांत पोचायचे तर प्रकाशाच्या एक दशांश वेग हवा. हजार टनांचे यान त्या वेगाला न्यायला, एक जूलही वाया न घालवता, जगाच्या आजच्या वार्षिक ऊर्जावापराच्या तीन चतुर्थांश ऊर्जा लागते, आणि पोचल्यावर थांबायला पुन्हा तितकीच. पृथ्वीच्या कक्षेत पोचताना ऊर्जा स्वस्त होती आणि वाहतूक महाग. इथे ऊर्जाच आवाक्याबाहेर जाते. म्हणूनच २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉट या गंभीरपणे मांडलेल्या योजनेत यानाचे वजन ग्रॅममध्ये होते.

उलट बाजूने पाहिले तर अंतराळही ऊर्जेच्या वाढीला वाचवत नाही. निकोलाय कार्दाशेव्ह या रशियन खगोलशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये संस्कृतींच्या पायऱ्या कल्पिल्या. आज त्या अशा सांगितल्या जातात: आधी ग्रहाची, मग ताऱ्याची, मग अख्ख्या दीर्घिकेची ऊर्जा वापरणारी संस्कृती. आपला २.३ टक्क्यांचा दर घेऊन त्या पायऱ्या चढू लागलो, तर सूर्याची संपूर्ण शक्ती साधारण १,३०० वर्षांत अपुरी पडते, आणि आकाशगंगेतल्या शंभर अब्ज ताऱ्यांची आणखी ११०० वर्षांत. आकाशगंगा मात्र एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. अडीच हजार वर्षांत तिच्या एका कडेकडून दुसरीकडे प्रकाशसुद्धा पोचत नाही, मग विजेच्या तारा कोण टाकणार? चक्रवाढीपुढे आकाशगंगाही तुटपुंजी ठरते.

मग माणसाने जायचेच नाही का?

यंत्रमानवच पुरेत, असे म्हणणाऱ्यांनाही उत्तर द्यावे लागेल. अपोलो-१७ च्या दोघांनी तीन दिवसांत चंद्रावर जवळपास ३५ किलोमीटर गाडी फिरवली. मंगळावरच्या ऑपर्च्युनिटी या यंत्राला ४५ किलोमीटरला चौदा वर्षे लागली. अपोलोच्या माणसांनी ३८२ किलो खडक आणले. १९७० मध्ये चंद्रावर उतरलेल्या लुना-१६ या मानवरहित यानाने १०१ ग्रॅम. दगड उचलून, उलटून, हा नव्हे तो असे ठरवणारा भूगर्भशास्त्रज्ञ अजून कोणी यंत्रात बसवलेला नाही. तेव्हा संशोधनासाठी, थोड्या काळासाठी, काही माणसे पाठवणे हे मला योग्य वाटते, अंटार्क्टिकाच्या तळांसारखे. वसाहत हा वेगळा शब्द आहे, आणि त्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

यंत्राची बाजू अशी, की त्याला परत आणावे लागत नाही आणि ते तहानेने मरत नाही. व्हॉयेजर-१ आज माणसाने बनवलेली सर्वांत दूरची वस्तू आहे. तिथे ऊन नाही, म्हणून प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी वीजनिर्मिती यानाबरोबर दिलेली आहे. १९७७ मध्ये ती सुमारे ४७० वॉट होती, एखाद्या मिक्सरला लागते तितकी, आणि दर वर्षी ती चार वॉटने कमी होते. त्यामुळे यानाचे अभियंते अधूनमधून एकत्र बसून यादी पाहतात आणि आता कोणता हीटर, कोणते उपकरण बंद करायचे ते ठरवतात. तशी आज्ञा यानाकडे निघते, आणि ती मिळाल्याची पोच यायला दोन दिवसांच्या आसपास लागतात.